कमरेत चार बोटं माया

१७ नोव्हेंबर

खोली झाडली, मशीनला तेल घातलं आणि वाट बघत बसले. भट्टीवरच्या पोरी येणार असा साहेबबाईंचा निरोप होता — आली एकच! तीही उंबऱ्याबाहेर उभी. विटांची लाल धूळ गुडघ्यापर्यंत. तिला बघून गावातल्या पोरींनी आपापल्या चपला उचलून आत घेतल्या, जशी काही ही चपला न्यायलाच आलीय. मी म्हटलं, ज्यांना चपलांची एवढी काळजी आहे त्यांनी त्या उशाशी घेऊन घरीच झोपावं. तेव्हा कुठे सरकून जागा दिली.

साहेबबाईंचं म्हणणं असं, की गावातल्या आणि भट्टीवरच्या पोरी एका खोलीत बसल्या तरच हा शिवणवर्ग चालवायचा. त्यांच्याकडे बायका-मुलांच्या संरक्षणाचं खातं. महिन्याकाठी शहरातून येतात, चार गोष्टी सांगतात आणि शेवटच्या गाडीने परत जातात. एका खोलीत बसवायचं काम मागे राहिलेलीचं, म्हणजे माझं.

पोरीला वय विचारलं. माहीत नाही म्हणाली. अंगाने नुसती काडी. माझ्या अंदाजाने तेरा, फार तर चौदा. पण हात काय! सुईत दोरा एका झटक्यात ओवला. आमच्या पोरी अजून दोऱ्याला थुंकी लावत बसल्यात.

२२ नोव्हेंबर

तिला नाव पडलं — टाचणी. मीच ठेवलं. टाचण्या उशीत खोचायच्या सोडून स्वतःच्या कॉलरीत खोचते. आतून, ओळीने, टोकं बाहेर. मी म्हटलं, बये, मान वळवलीस तर रक्त निघेल. तर म्हणते, "सवय आहे. भट्टीवर झोपडीला दार नाही ना. झोपताना बऱ्या पडतात."

मला हसू येत होतं ते तोंडातच राहिलं.

वर्ग सुटल्यावर तिची वाट भट्टीच्या मागच्या अंगाने जाते. तिथे संध्याकाळी ट्रकवाले बाटल्या घेऊन बसतात. सगळ्या गावाला ठाऊक आहे. गावातली एक पोर त्या वाटेला फिरकत नाही, आणि ही रोज जाते.

२५ नोव्हेंबर

तोड निघाली! दादाचा टेंपो रोज संध्याकाळी विटा भरायला भट्टीवर जातोच. जाता जाता टाचणीला सोड म्हटलं. लगेच हो म्हणाला. दादाला कधी दोनदा सांगावं लागलं नाही.

माझ्या नवऱ्याने माझा हात मोडला तेव्हा आई-बाबा म्हणाले, नांदून घे, संसारात भांड्याला भांडं लागतंच. दादा मात्र टेंपो घेऊन आला, आधी माझं शिलाई मशीन मागे चढवलं, मग मला. म्हणाला, "मशीन सांभाळून धर, हात काय, बरा होईल." आज नऊ वर्षं त्याच्या घरात ताठ मानेने राहते. जगात भाऊ असावा तर असा.

टाचणीला टेंपोत पुढे बसवलं तेव्हा ती खिडकीतून हात हलवत होती. पहिल्यांदाच गाडीत बसली असणार.

६ डिसेंबर

आज पोरींना माया शिकवली. शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडायचं. अंग वाढलं की शिवण उसवायची, कपडा मोठा. गावातली एक आगाऊ म्हणाली, "म्हणजे आधीच मोठा शिवायचा की!" मग मी समजावलं — मोठा शिवला तर आज गबाळा दिसतो. माया असली की आज बसतो आणि उद्याही बसतो. वाढत्या पोरीच्या कपड्यात खांद्यात सोडायची आणि लांबीत सोडायची, कारण पोरी आधी उंच होतात, रुंदीचं मागाहून बघायचं.

टाचणीने नुसतं ऐकून अचूक कापलं. माझ्या हाताखाली एवढी हुशार पोर आजवर आली नाही. मनात ठरवलं — हिला मशीन मिळवून द्यायचं. साहेबबाईंच्या मागे लागायचं, त्यांच्या नाकात दम आणायचा.

१४ डिसेंबर

वहिनी भांडी घासता घासता मधेच म्हणाली, "त्या भट्टीवरच्या पोरीला चालत जाऊ दे. टेंपोने नको." का म्हणून विचारलं तर तोंडात मूग धरून बसली. डिझेलचा हिशोब असणार, दुसरं काय! एका पोरीच्या वजनाने किती डिझेल जास्त जळतं गं, वहिनी?

हिचं सगळं विचित्रच. भाचीला घेऊन आतल्या खोलीत कडी लावून झोपते, का तर दादा घोरतो. घोरतो हे खरं. पण आवाज काय कडीला घाबरतो? भाची नऊ वर्षांची घोडी झाली, अजून आईच्या पदराला बांधलेली.

२० डिसेंबर

टाचण्यांची डबी भरून आणून आठवडा झाला नाही, निम्मी रिकामी! पोरी म्हणतात, टाचणी नेते. असेलही.

दादाच्या मनगटावर लांब ओरखडा. टेंपोच्या फळीचा खिळा लागला म्हणाला. मलम लावून दिलं. तो खिळा ठोकून घे म्हटलं, कुणाच्या डोळ्यात जायचा.

२८ डिसेंबर

आज टाचणीला जरा बोलले. पुन्हा डबी अर्धी. तिची कॉलर उलटून बघितली तर टाचण्या नुसत्या ठासून भरलेल्या, दुहेरी ओळ! मी म्हटलं, "आता टेंपोने जातेस, माझा भाऊ दारापर्यंत सोडतो. कुणाची भीती आहे तुला?" मी एकेक करून सगळ्या काढून घेतल्या. वर्गाच्या वस्तू वर्गात राहिल्या पाहिजेत. आज हिला सूट दिली तर उद्या सगळ्या नेतील.

टेंपोत बसताना तिने मागे वळून माझ्याकडे बघितलं. रुसली वाटतं. रुसू दे, शिस्त म्हणजे शिस्त.

२ जानेवारी

टाचणी आली नाही.

६ जानेवारी

आज आली. टेंपो नको म्हणाली, चालत जाईन, उजेड आहे तोवर. एवढं मनाला लावून घ्यायचं? दादाला सांगितलं तर म्हणाला, "जाऊ दे, या लोकांना चांगुलपणा पचत नाही." मला ते आवडलं नाही, 'या लोकांना' म्हणणं. पण राग टाचणीचाच आला.

२४ जानेवारी

टाचणीची शिलाई वाकडी जायला लागलीय. उसव म्हटलं की उसवते, शिव म्हटलं की शिवते, मधे एक शब्द नाही. भूक मात्र नाही म्हणते. डबा तसाच परत नेते. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "टाचणी, गंजलीस की काय?" पोरी हसल्या. ती नाही हसली.

११ फेब्रुवारी

टाचणी येतच नाही आता. भट्टीवर निरोप धाडला. आईला मदत करतेय म्हणे.

९ मार्च

आज टाचणीची आई आली. पहिल्यांदाच बघितली. माझ्याच वयाची असेल, दिसते माझ्या आईसारखी. विटा उचलून बोटांची टोकं गुळगुळीत झालेली. कागदात गुंडाळलेलं कापड पुढे केलं — लाल, चकचकीत, घामाने रंग सोडेल असलं. म्हणाली, "लग्नाचा ड्रेस शिवायचाय. पोरीचा."

मी उडालेच. कुणाचं लग्न? टाचणीचं?

"एकोणीस पूर्ण झाली तिला," म्हणाली. पाठ केल्यासारखं. नवरा मुलगा ट्रकवाला, बायको मेलेली, दोन पोरं. इथून दोन दिवसांच्या वाटेवर राहतो. भट्टीच्या मुकादमाने जमवून दिलं.

माप घ्यायला पोरीला पाठव म्हटलं तर नाही म्हणाली, जुना झगा मापाला आणलाय. मग माझ्या मशीनला हात लावून, हळूच — "ताई, कमरेत माया जास्त सोड. चार बोटं सोड. पोरीचं अंग वाढतंय."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. एकोणीस वर्षांच्या बाईचं अंग वाढतं होय? बाई स्वतःच्या तोंडाने सांगून गेली, की पोर अजून पोरच आहे!

जाताना दारात थांबली. "तुझ्या घरी कोण कोण असतं, ताई?" दादा, वहिनी, भाची, मी — सांगितलं. "भाची केवढी?" नऊ. तिने मान हलवली आणि गेली. असल्या वेळी हिला माझ्या भाचीचं काय पडलंय, कळेना.

१० मार्च

ड्रेस बेतला. नाही म्हणावंसं वाटत होतं, पण तो हातात राहिला तर पुरावा राहील. नुसत्या कमरेत माया सोडून काय उपयोग? त्या बाईला शिवणातलं काय कळतंय! मी माझं शहाणपण करून खांद्यातही सोडली, लांबीतही सोडली. कमरेत ती म्हणाली तशी चार बोटं.

साहेबबाईंना फोन केला. म्हणाल्या, लग्न थांबवता येईल, पण अठराच्या आत आहे हे दाखवावं लागेल. जन्माचा दाखला आहे? नाही. शाळेत नाव? भट्टीवरच्या पोराचं शाळेत नाव असायला आधी शाळेला भट्टी दिसावी लागते.

दादाला सांगितलं. जेवता जेवता घास खाली ठेवला. "तू कशाला पडतेस मधे? त्यांची पोर, त्यांचं लग्न. होऊन जाऊ दे, लांब जाईल, सुटेल." मी म्हटलं, माझं लग्न झालं तेव्हा मीही लांबच गेले होते, दादा. सुटले का? तो उठून गेला. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्याच्याशी भांडले.

वहिनी ऐकत होती. बोलली नाही. ती कधी बोलते म्हणा.

१४ मार्च

साहेबबाई टाचणीला दवाखान्यात घेऊन गेल्या. मीही सोबत. मनगटाच्या हाडांचा फोटो काढला, त्यावरून वय कळतं म्हणे. डॉक्टर फोटो उजेडाला धरून म्हणाले, सोळा ते एकोणीस. झालं! आगीतून फुफाट्यात. 'एकोणीस' तेवढं मुकादमाच्या कानात शिरलं.

बाकावर टाचणी माझ्याशेजारी बसली होती. अंगावर आईची जाड शाल, एवढ्या उन्हात. मी म्हटलं, तुला हे लग्न करायचंय का? खरं सांग. तिने बराच वेळ नखं कुरतडली. मग म्हणाली, "तिकडे घराला दार आहे म्हणे."

ऐकून गलबलून आलं. दार हवं म्हणून पोर दोन पोरांच्या बापाशी लग्न करते! मनाशी शपथ घेतली — हिला दार मिळवून देईन, पण असं नाही.

१६ मार्च

जिंकलो! लिहिताना हसतेय एकटीच.

शाळेच्या वर्गात कमिटी बसली. गावचे चार कारभारी, साहेबबाई, मुकादम, टाचणीची आई. नवरदेव बाहेर ट्रकमध्ये. कारभारी बाकांवर बसलेले, गुडघे बाकाला अडकलेले, त्यातला एक तर उठताना बाकासकट उठला. मुकादमाने डॉक्टरचा कागद फडकवला. कारभारी म्हणाले, कागदच म्हणतो एकोणीस, मग आपण कोण? साहेबबाईंनी कायदा वाचून दाखवला. सगळ्यांनी तो देवळातल्यासारखा मान खाली घालून ऐकला आणि विषय संपवायला निघाले.

मग मी उठले. पिशवीतून लाल ड्रेस काढला. टेबलावर उलटा पसरला. म्हटलं, "कारभाऱ्यांनो, तुमच्या बायका ड्रेस शिवायला देताना कमरेत चार बोटं माया सोड म्हणतात का?" एक म्हणाला, "आमच्या बायकांना चार बोटांनी काय होतंय!" सगळा वर्ग हसला. मी म्हटलं, हसा. पण ही आई मला म्हणाली, पोरीचं अंग वाढतंय, माया सोड. वाढत्या अंगाची पोर एकोणीसची असते का? विचारा तिलाच.

सगळे तिच्याकडे वळले. साहेबबाईंनी विचारलं, तुम्ही असं म्हणालात का?

ती माझ्याकडे बघत राहिली. ती नजर मला समजली नाही. राग म्हणावा तर राग नव्हता. शेवटी म्हणाली, "म्हणाले."

"म्हणजे पोर लहान आहे?"

पुन्हा ती माझ्याकडेच बघत होती. मग डोळे मिटून, "हो. लहान आहे."

संपलं! लग्न मोडलं. ट्रक धूळ उडवत गेला. साहेबबाईंनी सगळ्यांदेखत माझा हात हातात घेतला. सांगितलं, नाहीतर आई तिचं पुन्हा लग्न लावेल, म्हणून पोरीला काही दिवस शहरातल्या मुलींच्या निवासात ठेवू.

घरी येऊन भाचीला उचलून गरगर फिरवलं. वहिनी बघत होती. म्हणाली, "त्या पोरीला इथून नेणार?" हो म्हटलं. "नक्की नेणार ना?" अगं हो! ती पाणी प्यायली, उभ्याउभ्या, अख्खा तांब्या.

१७ मार्च

टाचणीला गाडीत बसवलं. सोबत एक पिशवी आणि तो लाल ड्रेस. ठेव म्हटलं इथे, तर छातीशी धरून बसली. तिच्या आयुष्यातला पहिला नवा कपडा. मी मूठभर टाचण्या कागदात बांधून दिल्या, तिकडे शिवण असतं म्हणून. त्या बघून ती रडायला लागली. पहिल्यांदा रडताना बघितली. मला वाटलं, माझ्या मायेने रडतेय. मीही रडले.

२३ मार्च

मुकादमाने टाचणीच्या आईला भट्टीवरून काढलं. गाठोडं डोक्यावर घेऊन माझ्या दारात आली. मी म्हटलं बस, चहा घे. बसली नाही.

"तू माझ्या पोरीला वाचवलंस म्हणतात."

मी म्हटलं, कायद्याने वाचवलं, मी काय.

"कुणापासून वाचवलंस?"

मी तोंड उघडायच्या आत दादाचा टेंपो दारात लागला. तिने गाठोडं सावरलं आणि चालायला लागली. जाताना एवढंच म्हणाली, "मी तिला लांब धाडत होते, ताई."

वाईट वाटलं. पण खरं सांगू? चीडही आली. पोरीला विहिरीत ढकलायची आणि वर आपणच दुखावल्यासारखं बोलायचं! उपकार गेले, वर बोल लागला. दादा म्हणाला, बघ, सांगितलं होतं.

६ एप्रिल

वर्गात आता तिघीच. गावातल्या बायका माझ्याकडे कपडे टाकत नाहीत. जी दुसऱ्याची लग्नं मोडते तिच्या हातचं कापड नको म्हणे. नका टाकू. नागड्या हिंडा.

टाचण्या मात्र अजून कमी होतातच. टाचणी जाऊन तीन आठवडे झाले आणि डबी पुन्हा अर्धी. म्हणजे ती नव्हतीच नेत सगळ्या. उगाच बोलले तिला. भेटेन तेव्हा सांगायला हवं.

२७ एप्रिल

आज शहरात गेले. पोरींनी शिवलेल्या दोन उश्या, रंगीत दोऱ्यांची रिळं, असा आहेर घेऊन. निवासाची इमारत बरी आहे. पिवळ्या भिंती, रांगेत खाटा, प्रत्येक खोलीला दार. दाराला आतून कडी. मनात म्हटलं, मिळालं बाई तुला दार.

तिथल्या मोठ्या बाईंनी मला आधी ऑफिसात बसवलं. कपाटातून लाल ड्रेस काढून माझ्यापुढे ठेवला. "तुम्हीच शिवलाय ना? बरं झालं आलात. कमरेत सोडून द्या. तिला हाच हवा असतो आणि तो आता होत नाही."

मी म्हटलं, खायला मिळतंय ना, भरली असेल. खांद्यातही सोडून देते, लांबीतही.

त्या म्हणाल्या, "खांद्यात बसतो. लांबीतही बसतो."

मग माझ्याकडे बघून, सावकाश — "तुम्हाला माहीत नव्हतं? पाचवा लागलाय."

मी सुई मागून घेतली. कमरेची शिवण उसवली. चार बोटं. मी वर्गात शिकवते — वाढती पोर आधी उंच होते. खांद्यात सोडा, लांबीत सोडा. त्या बाईने नुसत्या कमरेत मागितली होती, आणि मी म्हटलं तिला शिवणातलं काय कळतंय. ते कापड सगळ्या कारभाऱ्यांपुढे उलटं पसरलं मी! वर विनोद केला! आणि ती माऊली डोळे मिटून माझ्या होला हो म्हणाली.

टाचणीला भेटले. पोट दिसतं. बाकी काडीच आहे. मोठ्या बाईंनी विचारलं, यांच्यासमोर सांगशील का कोण ते? या तुझ्या ताई आहेत ना? टाचणीने मान खाली घातली. मग त्यांच्या कानात काहीतरी बोलली.

त्या मला म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर बसता का? ती म्हणते, शिवणताई बाहेर गेल्या तर सांगते."

मी बाहेर जाऊन बसले. मला वाटलं, लाजते.

२८ एप्रिल

झोप नाही. मुकादम असेल. तो ट्रकवालाच असेल. मागच्या वाटेवरचा कुणी असेल. एकेकाला पकडून उभा करते डोळ्यांपुढे. पण त्यांचं नाव सांगायला मी बाहेर कशाला जायला हवं होतं?

२९ एप्रिल

साहेबबाईंचा फोन. आवाज वेगळाच. "तुम्ही एकट्या आहात का? बसून घ्या."

दादाचं नाव.

माझ्या दादाचं. टेंपोत. भट्टीच्या अलीकडे, जुन्या चुन्याच्या खाणीपाशी. दोन वेळा तिने टाचण्यांनी ओरबाडून स्वतःला सोडवून घेतलं. तिसऱ्या वेळी टाचण्या नव्हत्या.

मी काढून घेतल्या होत्या. एकेक करून. मलम पण मीच लावलं. त्याच्या मनगटाला हळू फुंकर घातली होती मी.

टाचणीच्या आईने विचारलं होतं — तुझ्या घरी कोण कोण असतं? काय सांगणार होती ती मला? तुझा भाऊ? ज्याच्या छपराखाली मी बसलेय, ज्याचं नाव घेताना माझा ऊर भरून येतो, त्याचं नाव ती कुठल्या तोंडाने घेणार होती? मी ऐकलं असतं? नसतं ऐकलं. भट्टीवरची बाई खोटं बोलते म्हटलं असतं. म्हणून तिने दोन दिवसांच्या वाटेवरचं घर शोधलं. ते चूकच होतं, अजूनही चूकच म्हणेन, पोर पोरच होती. पण ती एकटी माझ्या घराशी लढत होती आणि मी तिच्याविरुद्ध साक्ष दिली.

साहेबबाई म्हणाल्या, तुमचा जबाब लागेल. तुम्ही तिला रोज टेंपोत बसवत होतात, ते तुम्ही सांगायला हवं. मग म्हणाल्या, तुमची अडचण मला कळते. विचार करा, घर त्यांचं आहे.

घर त्याचं आहे. मशीनसुद्धा त्यानेच चढवलं होतं आधी.

संध्याकाळी तो आला. पाय धुतले, ताटावर बसला. नेहमीसारखा. "पोरगी कशी आहे तिकडे?" माझ्याकडे न बघता. मी म्हटलं, बरी आहे. त्याने भात मागितला. मी वाढला. माझ्या या हाताने वाढला! मग मोरीत जाऊन तोच हात घासत बसले.

उद्या पहिल्या गाडीने जाते. जबाब देऊन परत या घरात येता येणार नाही, हे कळतं. आई-बाबांनी कधीच दार लावलंय. कुठे जायचं ते ठरलेलं नाही. दादा, तू मला का आणलंस त्या दिवशी? आणि आणलंसच, तर असा का निघालास?

वहिनीला सांगितलं नाही. कुठल्या तोंडाने सांगू, तुझा नवरा असा आहे म्हणून? बिचारीला काहीच माहीत नाही.

३० एप्रिल

पहाटे मशीनवर पिशवी भरून ठेवलेली. भाचीचे कपडे. शेजारी भाची, वेणीफणी करून, चपला घालून तयार. वहिनी अंधारात उभी. म्हणाली, "हिलाही घेऊन जा. आणि तिथे हिचंही लिहून घ्यायला सांग."

मी भाचीला जवळ घेतलं तर हाताला टोचलं. कॉलर उलटून बघितली. आतून टाचण्या. ओळीने, टोकं बाहेर.